पाळकांचे डोळे

दुपारी बेल वाजली तेव्हा मी खुर्चीत बसून काहीही करत नव्हते. हे मुद्दाम सांगते, कारण उठून दाराशी जाईपर्यंत मी कामात असल्यासारखा चेहरा केला होता, आणि तो करताना माझा मलाच राग आला होता. दारात एक मुलगी. विशी ओलांडलेली, केस घाईत बांधलेले, गळ्यात आमच्या मंडळाचं ओळखपत्र. "नमस्कार आजी," ती म्हणाली, "मी इथूनच चालले होते. जरा पाणी मिळेल का प्यायला?" तिच्या खांद्यावरच्या पिशवीतून पाण्याची बाटली डोकावत होती, गळ्यापर्यंत भरलेली. मी बाटलीकडे पाहिलं, मग ओळखपत्राकडे, आणि सगळं कळलं. एकटं माणूस राहतं अशा घरी पहिल्यांदा जाताना काय बोलायचं, हे मंडळात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला मी शिकवत आले. रिकाम्या हाताने जायचं. आपण काही द्यायला आलोय असं चुकूनही दाखवायचं नाही. उलट आपणच काहीतरी मागायचं. पहिल्या भेटीत पाणीच बरं, ते कुठल्याही घरात असतं. ते वाक्य, 'इथूनच चालले होते' सकट, माझं आहे. म्हणजे माझं नाही, आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचं. पण ते गेल्यावर इतकी वर्षं मीच ते वापरून वापरून गुळगुळीत केलं. आता ते माझ्याच दारात येऊन उभं राहिलं होतं, आणि वर मला आजी म्हणत होतं. मला मूल झालं नाही, त्यामुळे आजी होण्याचा प्रश्नच आला नव्हता.

पाणी दिलं. काय करणार? ती बिचारी सगळं प्यायली, तहान नसताना माणूस पितं तसं, मधेमधे श्वास घेत. पिताना तिने खोली पाहिली. पाहतोय असं न दाखवता कसं पाहायचं हेही आम्ही शिकवतो: गॅसचा वास येतोय का, औषधं कुठे आहेत, पडदे उघडे आहेत का, ओट्यावर भांडी किती. ती काय काय बघतेय ते मला तिच्या मानेवरून कळत होतं. पडदे बंद होते. ओट्यावर एक कप, एक ताटली. मी उठून पडदा सरकवणार होते, पण मग वाटलं, हा तर कबुलीजबाबच होईल. म्हणून बसून राहिले. निघताना ती म्हणाली, "पुन्हा आले तर चालेल का?" हे मात्र आम्ही शिकवलेलं नव्हतं, आमच्याकडे 'पुढच्या वेळी अमुक घ्यायला येईन' असं सांगून निघतात. मी म्हटलं, "ये. आणि ती बाटली पिशवीत खाली घालत जा, वरून दिसते." तिचे कान लाल झाले. ती जिना उतरून गेली तेव्हा मला वाईट वाटलं, आणि तरी मजाही वाटली, नाही असं नाही.

मग मी चिटणीसाला फोन लावला. चिटणीस म्हणजे माझ्यानंतर मंडळ चालवणारा, चाळिशीतला, सतत धापा टाकत बोलणारा माणूस. त्याला मीच घडवला. "माझ्याकडे कोणाला पाठवलंस?" "ताई, ती नवीन आहे हो, म्हटलं तुमच्याकडून जरा शिकेल." "खोटं बोलायचं तर नीट बोल. मी शिकवलंय तुला." तो हळूच म्हणाला, "तुम्ही पडल्यापासून आला नाहीत. हाताचं प्लास्टर निघून किती दिवस झाले. फोन केला तर बरी आहे म्हणता आणि ठेवून देता. काळजी वाटली." "मग स्वतः यायचं होतंस." "मी आलो असतो तर तुम्ही मला कामाचं विचारत बसला असतात, आणि एक तासाने मीच तुमच्यापाशी रडून परत आलो असतो. नेहमी तसंच होतं ना ताई." मी फोन ठेवला. डोक्यात तिडीक गेली होती, पण ती त्याच्यावरची नव्हती. सगळं नियमाप्रमाणे झालं होतं. कुणी एकटं पडलंय, कुणाला सांगत नाहीये, मानी आहे. तर एक माणूस पाठवायचं आणि त्याला काहीतरी मागायला लावायचं. मी त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं, फक्त बाटली न दिसेल अशी मुलगी पाठवली असती.

संध्याकाळी दिवा लावायचा कंटाळा आला. हल्ली येतो. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या जिन्यातले दिवे दिसतात, मजल्यामजल्याला एकेक पिवळा, आणि त्यांतला एखादा नेहमी गेलेला असतो. असे जिने मी आयुष्यभर चढले. ते कशामुळे सुरू झालं हे मला विचारलं असतं कुणी, त्या दिवसापर्यंत, तर मी छाती पुढे काढून सांगितलं असतं: पाळकसाहेबांना दिसत नव्हतं, त्यांना माझी गरज होती. तेव्हा मी चष्म्याच्या दुकानात नोकरीला होते. समोर गिऱ्हाईक, भिंतीवर लहान लहान होत जाणारी अक्षरं, माझ्या हातात काचा, आणि दिवसभर एकच प्रश्न: हे बरं दिसतंय की आधीचं बरं होतं? नवरा नुकताच गेला होता. हे बरं की आधीचं बरं, असं मी लोकांना विचारायची आणि तरी मला रडू यायचं नाही. प्रेतयात्रेतही आलं नव्हतं. लोक मला खंबीर म्हणाले, आणि मग खंबीर बाईकडे कोण जातं? दुकान बंद व्हायची वेळ झाली तरी मी फ्रेमा पुसत बसायची. मालक बाहेर उभा राहून किल्ल्या वाजवायचा. घरी जाऊन करायचं काय?

आणि एक दिवस पाळकसाहेब आले, चष्म्याची काडी मोडली म्हणून. उंच, वाळके, कोटाचे खिसे कायम फुगलेले. चर्चमध्ये मी नवऱ्याच्या मागून जायची, शेवटच्या बाकावर बसायची, तो गेल्यावर तेही सोडलं होतं. वाटलं, आता हे उपासनेला का येत नाहीस म्हणून विचारणार. त्यांनी विचारलं नाही. मी काडी बसवली आणि हाताच्या सवयीने काचा यंत्राखाली धरल्या. वाचायचा चष्मा, तोही साधाच. मी म्हटलंसुद्धा, "लांबचं तुम्हाला अगदी स्वच्छ दिसत असेल." ते म्हणाले, "दुकानात दिसतं. जिन्यात दिसत नाही. परवा एका म्हातारीकडे म्हणून गेलो आणि भलत्याच घरात प्रार्थना करून आलो." "मग? त्या घरातले काय म्हणाले?" "आमेन म्हणाले. भली माणसं." मी हसले. किती दिवसांनी हसले होते, मलाच माझा आवाज परका वाटला. मग ते चष्मा खिशात टाकत म्हणाले, "तुझं सुटल्यावर थोडा वेळ येशील का माझ्याबरोबर? तुला काही करायचं नाही. तू नुसती दारावरची नावं वाच."

दिवसभर लोकांचे डोळे तपासणारी बाई मी. हातात त्यांच्या काचा होत्या, नंबर समोर होता, तोंडाने मीच सांगितलं होतं की तुम्हाला दिसतं. आणि तरी गेले. दुसऱ्या कुठल्याही गिऱ्हाइकाला मी म्हटलं असतं, बसा, अक्षरं वाचून दाखवा. त्यांना तसं म्हटलं नाही. कधीच नाही. पुढे इतकी वर्षं त्यांच्याबरोबर हिंडले, त्यांना एकदाही त्या भिंतीसमोर बसवलं नाही, आणि हे माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं. ते आलं त्या संध्याकाळी, अंधारात बसले असताना.

ते जिने किती वेगवेगळे होते म्हणून सांगू. कुठे फिनेलचा वास, कुठे ओल्या कपड्यांचा, कुठे नुसत्या बंदपणाचा. मी पुढे, ते मागे, कठड्याला हात लावत. मी नाव वाचायची, ते मान हलवायचे, मी बेल वाजवायची. दार उघडलं की ते म्हणायचे, "हे माझे डोळे. मी नुसता पाठीमागून येतो." प्रत्येक दारात हेच. मला लाज वाटायची आणि तेवढं ऐकण्यासाठी मी दिवस ढकलायची. आत गेलं की ते काहीतरी मागायचे. एक घड्याळजी होता, हात कापायला लागल्यामुळे दुकान सोडलेला. त्याच्याकडे जाताना ते आपलं घड्याळ वाटेतच बिघडवायचे. एक गाणं शिकवणाऱ्या बाई होत्या, त्यांच्यासमोर भजन म्हणायचे आणि कुठे चुकलं ते विचारायचे. बाई कपाळाला हात लावायच्या, कारण कुठे चुकलं नाही हे सांगणं सोपं होतं. आणि एक अंथरुणाला खिळलेला माणूस होता, ज्याच्याकडे मागण्यासारखं काही म्हणजे काही नव्हतं. बोलायचा नाही, मान फिरवून भिंतीकडे बघायचा. तिथे पाळकसाहेब बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "मी फार दमलोय. तुमच्या खुर्चीत जरा डोळा लावू का?" आणि खरोखर झोपले. घोरायलासुद्धा लागले. मी काहीतरी बोलायला गेले तर त्या माणसाने ओठांवर बोट ठेवलं. मग तो ते झोपलेले असेपर्यंत त्यांच्याकडे बघत राहिला, राखण केल्यासारखा. उतरताना पाळकसाहेब मला विचारायचे, "काय दिसलं?" मी सांगायची: नखं वाढलेली आहेत, भिंतीवर फोटोची नुसती खूण आहे, फोटो नाही. त्यांना दिसत नाही म्हणून मी दोघांपुरतं बघायची. असं बघता बघता मला बघता यायला लागलं. माझ्या हाताखाली तयार झालेली माणसं आज गावभर जिने चढतात, आणि त्यांतल्या बहुतेकांनी पाळकसाहेबांना पाहिलेलंही नाही, पण उतरताना एकमेकांना विचारतात, काय दिसलं.

आणि त्यांना दिसत असलं तर? मग मी कोण होते? मी त्यांचे डोळे नव्हते. मी त्या फिरतीतलं एक घर होते, घड्याळजीसारखं, गाण्याच्या बाईंसारखं, आणि माझ्याकडे मागण्यासारखं जे होतं ते त्यांनी मागितलं, एवढंच. लोकांना माझा केवढा आधार, म्हणून मी मिरवत आले. संध्याकाळ घालवायला एका विधवेला दिलेलं ते काम होतं, आणि ती इतकी खुळी की तेच आयुष्य करून बसली. हसू येईल असं होतं, आणि हसू येईना. पुढचे काही दिवस मी धड जेवले नाही. पडदा उघडला, तो मात्र तसाच ठेवला, कारण मुलगी पुन्हा आली तर तिने चिटणीसाला जाऊन सांगायला नको. शेवटी एका सकाळी उठले, हात अजून दुखत होता तरी साडी नेसले आणि पाळकीणबाईंकडे गेले. विचारायचं तर त्यांनाच. दुसरं कोण उरलंय?

पाळकीणबाई भाचीकडे राहतात, मागच्या खोलीत. फार म्हाताऱ्या झाल्यात, पण जिभेची धार तशीच आहे. पलंगावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन घड्या घालत होत्या. "ये," म्हणाल्या, "त्या टॉवेलांच्या घड्या तू घाल. मला मागायची गरज नाही, मी सरळ सांगते." मी एका हाताने घड्या घालत राहिले. कसं विचारावं ते ठरवून आले होते, ते सगळं विसरले. म्हटलं, "बाई, साहेबांना जिन्यात खरंच दिसत नव्हतं का?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खो खो हसत सुटल्या, दात नसलेलं मोठं हसू. "अगं, आता विचारतेस?" "सांगा ना." "घारीचे डोळे होते त्याचे. मांजर पलीकडच्या गल्लीतून निघालं तरी त्याला आधी दिसायचं. तुझ्या दुकानातून आला तो दारातच म्हणाला, आज मी आंधळा झालो. आम्ही जेवता जेवता हसलो किती. तुला वाटतं तू एकटीच? त्या सुताराची बायको पळाली तेव्हा हा लंगडा झाला होता. सुतार याला हाताला धरून नेई. शाळेतल्या मास्तरांपुढे विसरभोळा व्हायचा. मी म्हणायची, अहो, कुठे काय झालंय ते लक्षात तरी ठेवा, नाहीतर मास्तरांपुढे लंगडाल."

मी घडी घालत राहिले. टॉवेल चौथ्यांदा की कितव्यांदा उलगडून परत घातला असेल. माझा चेहरा कसा झाला होता कोण जाणे, पण त्यांचं हसू थांबलं. "म्हणजे त्यांना माझी गरज नव्हती," मी म्हटलं. "नव्हती," त्या म्हणाल्या. बाई कधी मलमपट्टी करून बोलत नाहीत. "तू यायच्या आधी सगळे जिने तो एकटाच चढायचा. पाठ होते त्याला." मग त्यांनी हातातला सदरा मांडीवर ठेवला. "आधी नव्हती. नंतरचं मला सांगता येत नाही. तू मधे आजारी पडली होतीस, आठवतंय, बरेच दिवस? तेव्हा तो रोज वेळेवर निघायचा आणि लगेच परत यायचा. मी विचारायची, काय हो, झालं इतक्यात? तर म्हणायचा, नावं दिसली नाहीत. मी म्हटलं, अहो, हे मला काय सांगताय, मी तुमची बायको आहे. तर परत तेच. जिन्याखाली उभा राहून परत यायचा, अगं. वर जायचाच नाही. खरंच दिसेनासं झालं होतं, की एकट्याने चढवत नव्हतं, मला आजवर कळलेलं नाही. आमचं लेकरू गेलं होतं ना, तुला ठाऊक नसेल, खूप आधी. त्याबद्दल तो माझ्याशी कधी बोलला नाही. लोकांच्या घरी जाऊन बसायचा. मला वाटायचं, माझ्याकडे पण एकदा येऊन काहीतरी मागावं याने." हे त्या रडून सांगत नव्हत्या, घडी घालत सांगत होत्या. भाचीने चहा आणला. तो संपेपर्यंत आम्ही भाचीच्या नोकरीबद्दल बोललो.

परत येताना मी चालतच आले. रस्त्यात गर्दी होती, लोक अंगावर येत होते आणि मी त्यांना चुकवत होते. इतक्या संध्याकाळी आम्ही दोघं एकामागून एक जिने चढलो. मी पुढे, ते मागे. लेकरू गेलेला माणूस माझ्या पाठीशी एका पायरीवर उभा असायचा आणि मला ते माहीत नव्हतं. रडू न येणारी बाई त्यांच्या पुढे असायची आणि ते त्यांना पक्कं माहीत होतं, पण तेही बोलले नाहीत. 'काय दिसलं' म्हणून विचारायचे, आणि मी परक्या घरातली नखं सांगायची. किती चांगलं केलं त्यांनी माझं, यात शंका नाही. मी आज जी काही आहे ती त्या खोट्यामुळे आहे, आणि त्यांचा राग येण्याइतकी मी कृतघ्न नाही. पण मला त्यांचा राग येत होता. ते म्हणाले असते की पोरी, माझ्याने एकट्याने जाववत नाही, तर मी काय नाही म्हटलं असतं? आणि मी म्हटलं असतं, साहेब, घरी गेलं की भिंती अंगावर येतात, तर ते काय हसले असते? दोघांनाही मान सांभाळायचा होता. तो शेवटपर्यंत सांभाळला, आणि तेच मी पुढे शेकड्याने लोकांना शिकवलं. कुणाचा मान दुखवायचा नाही. मागायचं, पण जे हवंय ते सोडून दुसरंच काहीतरी. फुटपाथवर मी मधेच उभी राहिले तर मागून येणारा माणूस आदळला आणि म्हणाला, "बाई, बघून चाला."

दोन दिवसांनी बेल वाजली. मी खुर्चीतच होते, पण या वेळी चेहरा करायला गेले नाही. तसाच घेऊन दार उघडलं. तीच मुलगी, आणि सदऱ्याचं वरचं बटण गेलेलं. दोऱ्याची टोकं अशी सरळ होती की कात्रीने कापलेली कळावीत. "आजी, मी इथूनच..." तिने सुरुवात केली, "बटण तुटलं माझं. तुमच्याकडे सुईदोरा असेल का?" बटण मुठीत घट्ट धरलं होतं. नीट तयारी करून आली होती. मला तिची इतकी कणव आली, कारण हे सगळं ती मन लावून करत होती, माझ्यासाठी, आणि अगदी मी सांगितलं तसंच. मी सुईदोरा आणला असता, बटण लावून दिलं असतं, पुढच्या वेळी तिने आणखी काहीतरी आणलं असतं मोडून. असं वर्षानुवर्षं चाललं असतं, आणि तेही वाईट झालं नसतं.

"सुईदोरा राहू दे," मी म्हटलं. "आत ये."

ती आत आली. मी तिला समोरची खुर्ची दाखवली. मग उभ्यानेच, कारण बसले असते तर बोलले नसते, म्हटलं, "मला फार एकटं वाटतं. कधीपासून वाटतंय. नवरा गेल्यापासूनच, खरं म्हणजे. दिवसभर कुणी बोलायला नसतं आणि संध्याकाळ झाली की मला घरात भीती वाटते." आवाज माझा राहिला नव्हता. एवढी साधी वाक्यं, आणि ती म्हणायला म्हातारी व्हावं लागलं.

मुलगी गोंधळून गेली. यावर काय करायचं ते तिला शिकवलेलं नव्हतं. मीच शिकवलं नव्हतं. "मग," ती म्हणाली, "मी काय करू?"

"काही नको करूस. बस नुसती."

ती बसली. दोनदा तिने बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग तिने तो प्रयत्न सोडून दिला, बटण खिशात टाकलं आणि हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मी खाली बसले आणि रडले. चांगली आवाज करून रडले, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं, कितीतरी वेळ. ती उठून गेली नाही.